चपलांची तोंडं फाटकाकडे

माझ्या भाचीला शाळेने काढलं नाही. शाळा कधी काढत नाहीत, सुचवतात. ‘‘तुमच्या मुलीला इथे न्याय मिळत नाही, असं आम्हाला मनापासून वाटतं,’’ कॉलेज रोडवरच्या त्या चकाचक शाळेच्या मुख्याध्यापिका ताईला म्हणाल्या. न्याय! मी मोर्च्यांची पत्रकं लिहिते हो बाई, तो शब्द आमचा आहे.

भाची सात वर्षांची, स्वमग्न. बोलते मोजकंच. दाराबाहेर चपला दिसल्या की लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत लावते. स्वतःच्या सँडल मात्र परक्या ठिकाणी पायातून काढत नाही. आणि निघायचं असलं की आईच्या चपला आणून ठेवते, तोंडं फाटकाकडे. इतकं स्पष्ट निवेदन मला अजून लिहिता आलेलं नाही.

मी पेटले. कायदा आहे, फाटकासमोर बसू! पत्रक तयार होतं, उद्गारचिन्हांसकट.

ताई पोळ्या लाटत होती. ‘‘बस तू. प्रवेशही टिकवशील. पण रोज सकाळी तिला त्याच बाईंच्या हाती सोडायचं कुणी?’’

मी पत्रक घडी करून वहीत ठेवलं. वेगळी शाळा शोधणं म्हणजे माघार, असं मला वाटायचं. अजूनही थोडं वाटतं. पण निघाले बरोबर, वहीत तेवीस प्रश्न घेऊन.

पहिल्या शाळेतले सर दारातच ओरडले, ‘‘अहो, हात लावू देऊ नका, घाण असतात चपला!’’ माझा चौथा प्रश्न चालू असताना ताईच्या चपला समोर आल्या. गंगापूर रोडच्या दुसऱ्या शाळेला बांबूच्या भिंती होत्या. तिथले संस्थापक तासभर ‘मूल म्हणजे फूल’ समजावत होते. फूल केव्हाचं चपला घेऊन दारात उभं होतं.

देवळाली कॅम्पच्या बसमध्ये ताई खिडकीकडे बघत म्हणाली, ‘‘ही शेवटची. नाही जमलं तर नोकरी सोडते, घरीच शिकवते.’’

तिसरी शाळा एका कौलारू बंगल्यात होती, पाटीचा रंग उडालेला. आम्ही पायरीपाशी चपला काढेपर्यंत भाचीची ओळ लागलीसुद्धा. आतून एक बाई अनवाणी आल्या, ‘‘अगंबाई, माझी चप्पल कुठे गेली?’’ म्हणत. ओळ दिसली तशा उकिडव्या बसल्या. घाण म्हणाल्या नाहीत, शाब्बासही नाही.

‘‘माझ्या चपलेची टाच झिजलीय बघ. नवी होती तेव्हा मोठी होती. मग इथेच बसेल का?’’

भाचीने विचार केला. चप्पल एक जागा मागे सरकवली.

‘‘बरोबर. आणि तुझी कुठे?’’

भाचीने सँडल काढल्या. ओळीत लावल्या. मी ताईचा दंड दाबला. तेवढ्यात भाची वळली आणि तिने ताईच्या चपला उचलून आणल्या. तोंडं फाटकाकडे.

‘‘झालं,’’ मी वही मिटली. ताईने चपला घातल्या आणि हात पुढे केला.

भाचीने हात धरलाच नाही. बाईंच्या मागोमाग अनवाणी आत गेली. निघायचं होतं ते आम्ही!

ताई तिथेच उभी राहून रडत-हसत होती. ‘‘अगं, पण माझे तेवीस प्रश्न?’’ मी म्हटलं.

भाची पुन्हा बाहेर आली. माझ्या चपला उचलल्या, अंगण ओलांडलं आणि थेट फाटकाबाहेर, रस्त्यावर नेऊन ठेवल्या.