पांढऱ्या कॉलनी

तपासणीच्या प्लेटवर जंतूंच्या पिवळ्या ठिपक्यांमध्ये, म्हणजे कॉलनींमध्ये, पांढऱ्या कॉलनी दिसल्या आणि मी तोंड उघडायच्या आत शिंदे साहेबांनी निकाल दिला.

"कंटॅमिनेशन. स्टरिलायझेशन कोणी केलं होतं?"

"संतोष उतेकर," सुपरवायझर म्हणाला.

"त्याचा गेटपास काढून घ्या."

महाडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी क्वालिटी कंट्रोलची मायक्रोबायोलॉजिस्ट आहे. आम्ही पशुखाद्यासाठी बी-टू जीवनसत्त्व, म्हणजे रायबोफ्लेविन, बनवतो. ते बॅसिलस नावाचा जंतू बनवतो. आम्ही त्याला मोठ्या टाकीत साखर, हवा आणि ऊब पुरवतो. माल चांगला असला की टाकीतलं पाणी गर्द पिवळं होतं. त्या महिन्यात ते फिकट लिंबाच्या सरबतासारखं दिसत होतं. लिटरमागे बारा ग्रॅम मिळायचे तिथे सात मिळाले, पुढच्या बॅचला चार.

पांढरी कॉलनी म्हणजे रायबोफ्लेविन न बनवणारा जंतू. तो बाहेरून आला असेल तर टाकी वाफेने नीट निर्जंतुक झाली नव्हती, आणि मग दोष वाफ देणाऱ्याचा. शिंदे साहेब प्लांट हेड. त्यांचा तर्क अगदीच चुकीचा नव्हता. फक्त तपासलेला नव्हता.

संतोष काँट्रॅक्टवर होता. गाव आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी, पोलादपूरच्या वर. दोन मुलींच्या शाळेसाठी महाडात खोली घेतली होती. "वाफ नीट देत नाही" असा शिक्का बसला तर एमआयडीसीत दुसरा कुठलाही काँट्रॅक्टर त्याला उभा करणार नव्हता. ते त्यालाही माहीत होतं. गेटबाहेर बाइकजवळ उभा राहून त्याने मला थांबवलं.

"मॅडम, काटा एकशेएकवीस डिग्रीवर हाय का नाय ते बघूनच मी वॉल्व बंद केला. चार्टवर हाय ना सगळं?"

"आहे. साहेब म्हणतात काटा बरोबर दाखवत असेल, पण खालच्या वॉल्वपर्यंत वाफ पोचली नसेल."

"मग आधीच्या चांगल्या बॅचला पण मीच व्हतो की. तवा पोचली?"

मी दुसरं विचारलं. "या बिघडलेल्या बॅचला जंतू कुठल्या व्हायलमधून घेतला होता?"

तो हसला. "व्हायल कोण काढतंय मॅडम? टाकी पिवळीधम्मक दिसली का तिच्यातलंच काढायचं आणि पुढच्या बॅचला घालायचं. विरजण लावतो आम्ही. होळीपासून तेच चाललंय. साहेबांनीच सांगितलंय, व्हायल जागी करण्यात दोन दिवस जातात म्हणून."

नियम असा आहे की प्रत्येक बॅच फ्रीझरमधल्या मूळ व्हायलपासून, म्हणजे गोठवून ठेवलेल्या मूळ जंतूच्या कुपीपासून, सुरू करायची. मी जाऊन व्हायलचा डबा उघडला. तो जवळजवळ भरलेला होता.

विरजणाने काय बिघडतं, हे कळायला थोडं आत जावं लागेल.

साधा बॅसिलस गरजेपुरतंच रायबोफ्लेविन बनवतो. पुरेसं झालं हे त्याला कसं कळतं? जीनची, म्हणजे ते बनवायच्या कृतीची, एक कामचलाऊ नक्कल निघते, तिला आरएनए म्हणतात. रासायनिक अक्षरांच्या त्या धाग्याच्या सुरुवातीचा तुकडा कुठलंही प्रोटीन बनवत नाही. तो स्वतःभोवतीच दुमडतो. त्याचे सहा फाटे तयार होतात आणि ते जिथे एकत्र येतात तिथे एक खोबण पडते. या तुकड्याला रायबोस्विच म्हणतात.

रायबोफ्लेविनला फॉस्फेटची शेपूट जोडली की एफएमएन नावाचा छोटा रेणू होतो. त्याचा एक भाग चपटा असतो. पुस्तकाच्या दोन पानांत बिल सरकवावं तसा तो आरएनएच्या दोन अक्षरांमध्ये सरकतो. त्याची कड तिसऱ्या अक्षराशी जुळते. शेपटीला खोबणीतली इतर अक्षरं आणि मॅग्नेशियमचे कण धरून ठेवतात. शेपूट नसलेलं रायबोफ्लेविन तिथे पोचलं तरी त्याची पकड फार ढिली असते. इतकी ती खोबण चोखंदळ आहे.

खोबण भरली की घडी पक्की होते. मग धाग्याचा पुढचा भाग केसांच्या आकड्यासारखा वळतो आणि नक्कल तिथेच थांबते. उत्पादन बंद. खोबण रिकामी असेल तर धागा वेगळ्या तऱ्हेने दुमडतो, आकडा होत नाही, काम चालू राहतं.

आमच्या जंतूत या खोबणीतलं एक अक्षर बदललेलं आहे. एफएमएन येतो, पण टिकत नाही. म्हणून जंतूला कायम वाटतं की माल कमी आहे, आणि तो बनवत राहतो. आमचा सगळा धंदा त्या एका बिघाडावर उभा आहे.

पण असा जंतू स्वतःचंच नुकसान करत जगतो, त्यामुळे हळू वाढतो. अब्जावधींमध्ये एखाद्याचं ते अक्षर आपोआप पूर्ववत होतं. त्याचा स्विच पुन्हा चालू लागतो, तो जास्तीचं काम सोडतो आणि भराभर वाढतो. एका बॅचमध्ये त्याचा पत्ताही लागत नाही. टाकीतून टाकीत विरजण लावत गेलं की काही महिन्यांत तोच मालक होतो. आणि तो पांढरा दिसतो.

हे मी शिंदे साहेबांना सांगितलं.

"मॅडम, थिअरी छान आहे. मायक्रोस्कोपखाली काय दिसलं?"

"बॅसिलसच."

"बॅसिलस धुळीतही असतात. हो की नाही?"

"हो."

"मग?"

ते बरोबर बोलत होते. म्हणून मी दोन्ही रंगांच्या कॉलनींचे नमुने सीक्वेन्सिंगसाठी, म्हणजे जीनची अक्षरं वाचून घ्यायला, पुण्याला पाठवले. आमच्या जंतूत स्विचशिवाय आणखी तीन ठरलेल्या खुणा आहेत. धुळीतून आलेला जंतू त्या तिन्ही घेऊन येणार नाही.

निकाल यायला तीन आठवडे लागले. पांढऱ्या कॉलनीत तिन्ही खुणा जशाच्या तशा होत्या. फक्त खोबणीतलं ते एक अक्षर मूळ जागी परतलं होतं. जंतू आमचाच होता. वाफेचा काही संबंध नव्हता.

शिंदे साहेबांनी कागद दोनदा वाचला. "ठीक आहे. उद्यापासून प्रत्येक बॅच व्हायलपासून. रिपोर्टमध्ये कारण 'स्ट्रेन स्टॅबिलिटी' लिहा, जंतूचा गुण बदलला एवढंच."

"आणि उतेकर?"

"तो आपला माणूस नाही. काँट्रॅक्टरशी बोला."

"विरजण तुम्हीच लावायला सांगितलं होतं, सर."

"ते रिपोर्टमध्ये हवंय का तुम्हाला?"

मी ते लिहिलं. वरून परत आलेल्या प्रतीत तो परिच्छेद नव्हता.

काँट्रॅक्टर माझ्याशी अदबीने बोलला. "मॅडम, तुमचं बरोबरच असणार. पण त्याच्या जागी माणूस घेतलाय. नात्याचा पोरगा आहे, घरी म्हातारी आई. त्याला काढू का आता? कुठल्या गुन्ह्याबद्दल?"

मी संतोषला फोन केला. महाडची खोली त्याने सोडली होती. बायको आणि मुली गावी, मुलींचे दाखले काढलेले. तो मुंबईत भावाच्या खोलीवर राहून एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन होता. मी निकाल सांगितला. स्विच, अक्षर वगैरे काही नाही. एवढंच, की जंतू बाहेरून आला नव्हता.

"म्हणजे माझी वाफ बरोबर व्हती?"

"बरोबर होती."

"साहेबांना माहीत हाय?"

"हो. त्यांनी वाचलंय."

त्याच्या मागे गाडीचा हॉर्न वाजला.

"बरं मॅडम. गेट उघडायचंय."

टाकी आता पुन्हा पिवळी होते. लिटरमागे बारा ग्रॅम मिळतात, एखादे वेळी थोडे जास्तच. प्रत्येक बॅचला नवी व्हायल निघते आणि दोन दिवस जातात, त्याबद्दल कोणी बोलत नाही. कारण नक्की होईपर्यंत कोणाचं नाव घ्यायचं नाही, असा नियम मी सुचवला होता. तो विचाराधीन आहे. मी शिकले ते इतकंच: सीक्वेन्सचा निकाल यायला तीन आठवडे लागतात, गेटपास काढून घ्यायला दोन मिनिटं. जो निकाल आधी लागतो, तो नंतर कोणी बदलत नाही.