आजारी कोणीच नाही

आमच्या अमरावतीत आजाऱ्याला पाहायला गेलं नाही, तर माणसं जन्मभर ऐकवतात. त्यामुळे माझ्या सहा वर्षांच्या पोरीला रक्ताचा कर्करोग झाला आणि आमच्या घरी जत्राच भरली.

केमोने तिची प्रतिकारशक्ती पार संपवली होती. कुणाची सर्दीसुद्धा हिच्यापर्यंत येऊ देऊ नका, असं अकोल्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. पण पाहुणे थोर! चुलतसासूबाई मास्क हनुवटीवर ओढून, नाक पुसत, पोरीच्या टकलाचा मुका घेऊन गेल्या. "साधी सर्दी आहे, काय होते?" काय होते? आठ दिवस दवाखाना होते आणि केमो पुढे जाते. त्यांच्यानंतर खोकत शेजारीण आली, आणि महिन्याभरात पुन्हा चुलतसासूबाई. दर वेळी पोरीला ताप. वर फोनवर चौकशी, "काहून वो, बरं नाही वाटून राह्यलं का तिले?" बिनडोकपणालाही काही हद्द असावी.

मग मी दारातच उभी राहून विचारायला लागले, "घरी कोणी आजारी नाही ना?"

अंजनगावहून नणंद लेकीला घेऊन आली, तेव्हा तिलाही विचारलं.

"कोणीच नाही वैनी. सारे ठणठणीत."

दोघी पोरी दुपारभर एकाच पलंगावर भातुकली खेळल्या. चहा देताना मला नणंदेच्या लेकीच्या मानेवर फोड दिसले. हे काय, म्हणून विचारलं.

"माता आली होती तिले. आता जाऊन राह्यली."

नणंद खोटं बोलली नव्हती. कांजण्यांना आमच्याकडे कोणी आजार म्हणतच नाही, देवीचं येणं म्हणतात.

पंधरा दिवसांनी माझ्या पोरीच्या अंगभर फोड उठले. तिला घेऊन आम्ही अकोला गाठलं. केमो थांबवला, सलाईनमधून औषध सुरू झालं. फुप्फुसात उतरलं तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी सांगितलं.

"घरी कांजण्या झालेलं कोणी आलं होतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही जी," नवरा म्हणाला.

"आलं होतं," मी म्हणाले. "मी फोड पाहिले होते."

"मग त्याच दिवशी फोन का नाही केला? इंजेक्शन देता आलं असतं."

सगळ्या गोतावळ्याला अडाणी ठरवत फिरणारी मी, डॉक्टरांना कोणत्या तोंडाने सांगणार होते? माता म्हटल्याबरोबर मी हातातला कप खाली ठेवला होता आणि त्या लेकराला नमस्कार केला होता.