माळेआधीची कोंबडी

खोट काढायचा मला पगार मिळतो. जालन्यातल्या एका बियाण्यांच्या कंपनीत मी उगवण तपासते. ओल्या कागदात दाणे गुंडाळून ठेवायचे, काही दिवसांनी गुंडाळी उलगडायची आणि कोणता कोंब वाकडा, कोणत्याचं मूळ कुजकं, ते बाजूला काढायचं. हा स्वभाव संध्याकाळी कंपनीच्या गेटवर ठेवून येता येत नाही. हॉटेलात समोर ताट आलं की नवरा आधी माझ्या तोंडाकडं बघतो आणि मग जेवायला लागतो.

आमच्या घरात कोंबडी शिजत नाही. सासूबाई माळकरी. मी लग्न होऊन आले त्याच्या कितीतरी आधीपासून त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, आणि ती नावापुरती नाही. मांस-मच्छी तर सोडाच, पण ते खाणाऱ्याच्या हातचं शिजवलेलंही त्यांना चालत नाही. म्हणून सगळ्या घराचा स्वयंपाक त्याच करायच्या. मला नोकरी होती, त्यांना ओटा होता, दोघींचं छान चाललं होतं. लोकांच्या सुना सासूच्या हाताखाली राबतात आणि मी इतकी वर्षं आयतं जेवले. माहेरी हे सांगितलं की कुणाचा विश्वास बसत नसे.

कोंबडी मात्र माझ्याकडून सुटली नाही. नवऱ्याकडूनही नाही, पण तो आईसमोर कधी तसं बोलला नव्हता. तो एका लोखंडाच्या कारखान्यात ऑफिसात बसतो, आणि कमी बोलणं हा त्याचा जन्माचा धंदा आहे. महिन्यातून एखाद्या रविवारी तो किल्ली बोटात फिरवायचा आणि मला समजायचं. आधी स्कूटरवर, मग मोटरसायकलवर, आता गाडीतून, आम्ही दोघं कोंबडी खायला बाहेर पडायचो. रस्सा आमच्याकडं सगळेच करतात. आम्हाला आवड भाजलेल्या कोंबडीची. गावरान कोंबडी, मीठ-लसूण-काळा मसाला चोळलेली, निखाऱ्यावर तेलाचा हात मारत मारत भाजलेली. रश्श्यात खोट लपते, भाजलेल्या कोंबडीत ती लपत नाही.

परत आल्यावर अंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाय टाकायचा नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी एका शब्दानं कधी विचारलं नाही की कुठं गेल्ता, काय खाल्लं. पण आम्ही दारात गाडी लावली की न्हाणीत दोन बादल्या गरम पाणी काढलेलं असायचं. एक त्याला, एक मला. उन्हाळ्यातसुद्धा.

मागच्या दिवाळीनंतर सासूबाई ओट्याजवळ पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. दवाखान्यातून त्यांना घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं की आजींना भरपूर खाऊ घाला, अंगात ताकद आली तरच त्या उभ्या राहतील. मी सकाळी डोक्यावरून अंघोळ केली, त्यांचीच भांडी घेतली, मऊ भात आणि वरण केलं, वर साजूक तूप सोडलं आणि ताट खाटेजवळ नेलं. त्यांनी ताटाकडं पाहिलं आणि माझा हात धरला.

"बाई, तुझ्या हातात काही खोट न्हाई," त्या म्हणाल्या. "माझ्या माळेला चालत न्हाई."

मला त्यांचा राग आला होता, हे मी सांगून टाकते. त्या मात्र इतक्या मायेनं बोलल्या की भांडायची सोयच ठेवली नाही. त्या दिवसापासून दूध, केळी, खजूर, भाजलेले शेंगदाणे. शेजारच्या माळकरी बाई रोज दोन भाकरी पाठवायच्या तोवर निभलं. मग त्या त्यांच्या लेकाकडं पुण्याला गेल्या. सासूबाईंच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

उपाय सगळ्यांना दिसत होता. घरातल्या कुणीतरी माळ घालायची, मांस सोडायचं, मग त्याच्या हातचं त्यांना चाललं असतं. आईच्या सेवेला नणंद येऊन राहिली होती. तिचं सासर खाणाऱ्यांचं, त्यामुळे तिचाही हात चालत नव्हता. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "वहिनी, आता तुम्हीच मनावर घ्या बरं." त्या 'कुणीतरी'चा अर्थ सून असाच असतो, हे सांगायला नणंद कशाला पाहिजे? मलाही दुसरं कुणी सुचलं नव्हतं. म्हातारं माणूस उपाशी पडलंय आणि आपल्याला कोंबडीची पडलीय, हे मनाला बोचत होतं. पण कोंबडी सुटली तर ते रविवार पण सुटणार होते. त्या गाडीत आम्ही दोघंच असायचो, नवरा घरात बोलत नाही ते तिथं बोलायचा. मी कोंबडीसाठी रडत नव्हते, त्या रविवारांसाठी रडत होते.

अशातच एका रविवारी नवऱ्यानं किल्ली बोटात फिरवली. "चल," तो म्हणाला. "ताई बसती आईजवळ."

पहिल्यांदा गेलो ते एमआयडीसीत. तिथं कारखान्यातून सुटलेली माणसं मोटरसायकली आडव्यातिडव्या लावून जेवायला बसतात, आणि कोंबड्या भाजायच्या सळया आमच्याच गावच्या लोखंडाच्या, बोटाएवढ्या जाड. कांदा-लिंबू मागू तितकं. भट्टी नुसती धगधगत होती. ताट आलं तसं नवऱ्यानं दोन्ही तंगड्या उचलून माझ्या ताटात ठेवल्या. एक तंगडी नेहमीच माझी असते. दुसरी कधीच मिळाली नव्हती.

"कशी हाय?" त्यानं विचारलं. "सगळ्यात चांगली म्हणायची का ही?"

इतक्या वर्षांत त्यानं असं विचारलं नव्हतं. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बोकडाला कापायच्या आधी हळदकुंकू लावून चारा घालतात, तसं चाललं होतं माझं. जिवाची हौस एकदा भागवायची, सगळ्यात चांगली कोंबडी खाऊ घालायची आणि मग हळूच म्हणायचं, आता घालून टाक माळ. मी तंगडी उलटीपालटी करून पाहिली.

"नुसता लाल रंग चोपडलाय," मी म्हणाले. "बाहेरून करपली, हाडाजवळ कच्ची."

त्यानं मान डोलावली आणि मुकाट्यानं खाल्लं. पुढच्या रविवारी परत किल्ली.

या वेळी परतूर. रस्त्यानं कापसानं फुगलेले टेम्पो आडवे येत होते, गाडीच्या काचेला कापूस चिकटत होता. गावाच्या अलीकडं एक पत्र्याचं हॉटेल आहे, तिथला माणूस पऱ्हाटीच्या निखाऱ्यावर कोंबडी भाजतो. कापूस वेचून झाला की उरलेली झाडं म्हणजे पऱ्हाटी, तिची आग मंद असते आणि धूर गोडसर. मसाल्यात भाजलेलं खोबरं होतं. खरं सांगायचं तर चव फार चांगली होती. पुन्हा दोन्ही तंगड्या माझ्या ताटात आल्या, पुन्हा तोच प्रश्न आला.

"चिवट आहे," मी म्हणाले. "चावता चावता जबडा दुखला."

"मसाला तर बराबर वाटतोय मला."

"तुम्हाला काय, काहीही बराबर वाटतं."

तो हसला नाही. परत येताना गाडीत कुणीच बोललं नाही, आणि माझा रविवार आताच गेला असं मला वाटलं. घरी न्हाणीत गरम पाणी नव्हतं. काढणार कोण? गार पाण्यानं अंघोळ करून मी सासूबाईंजवळ गेले. त्या दुधात खजूर भिजवून खात होत्या. त्यांनी माझ्या ओल्या केसांना हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "गार पाण्यानं न्हाली व्हय? ताईला सांगायचं न्हाई का?" मला कुठं तोंड लपवू असं झालं.

तिसऱ्या रविवारी तो म्हणाला, धावड्याला जाऊ. भोकरदनच्याही पुढं, चांगलं लांब. मी म्हटलं, एवढं लांब कशाला? तर म्हणे, ऑफिसातला एकजण तारीफ करून राह्यला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मिरचीची हिरवीगार शेतं होती. गावाबाहेर कडुलिंबाखाली एक छप्पर, तिथं एक बाई चुलीवर भाकरी थापत होती आणि तिचा नवरा जाळीवर कोंबडी भाजत होता. काळा मसाला नव्हता. हिरव्या मिरचीचा ठेचा, लसूण, कोथिंबीर, जाडं मीठ, एवढंच चोळलेलं. तो कोथिंबिरीची अख्खी जुडी तेलात बुडवायचा आणि तिनंच कोंबडीला तेल लावायचा. जाळीखाली तेल पडलं की निखारा चुरचुरायचा.

ताट आलं. दोन्ही तंगड्या माझ्याकडं आल्या.

"ही कशी?"

"मीठ कमी आहे," मी म्हणाले.

"खाल्ली कुठं अजून तू?"

मग मला राहवलं नाही. "अहो, सरळ सांगा ना, माळ कधी घालायची मी? त्यासाठी गावोगाव कशाला फिरवताय मला?"

त्यानं तोडलेला भाकरीचा तुकडा हातातच राहिला. "तू?" तो म्हणाला. "तुला कोण म्हणलं? मी घालून राह्यलो. येत्या एकादशीला. महाराजांना भेटून पण आल्तो."

"तुम्ही? अहो, तुम्हाला चहा करता येत नाही."

"शिकतो ना. आई खाटेवरून सांगन, मी करीन. आई माझी हाय, मंग माळ तू कशाला घालायची?"

त्यानं हे अगदी साधेपणानं विचारलं. हे मला सुचलंच नव्हतं. नणंदेलाही नाही, आणि नातेवाइकांत कुणालाच नाही.

"मग मला कशासाठी फिरवत होतात?"

"शेवटची कुठं खायची ते ठरंना," तो म्हणाला. "मला चवीतलं कधी कळलंय? तू पास केली ती खायची आणि मंग बंद, असं मनात धरलं व्हतं. तू तर एकही पास करंना."

मला हसू आलं आणि त्याच दमात रडूही आलं. भाकरी थापणाऱ्या बाईनं ठेचा झोंबला असं समजून पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मी पाणी प्याले, डोळे पुसले आणि पहिला घास घेतला.

मी जन्मात इतकी चांगली कोंबडी खाल्ली नव्हती. कातडी कुरकुरीत, आत रसाळ, मिरची जिभेवर चढायची आणि लिंबाच्या थेंबानं उतरायची. मिठाचा एक खडा इकडचा तिकडं झाला नव्हता. काय बोलायचं ते माझ्या हातात होतं. मी पुन्हा नाव ठेवलं असतं तर माळ पुढच्या एकादशीवर गेली असती आणि अजून एक रविवार मिळाला असता, बदनापूरकडं, अंबडकडं, कुठंही. आणि घरी खाटेवर सासूबाई दुधात खजूर बुडवून खात राहिल्या असत्या. नवरा माझ्या तोंडाकडं बघत होता, वर्षानुवर्षं बघत आला तसाच. अजून त्यानं घास घेतला नव्हता.

"हीच," मी म्हणाले.

"पक्कं?"

"पक्कं."

मी दोन्ही तंगड्या उचलून त्याच्या ताटात ठेवल्या. तो म्हणाला, अगं, तुझ्या हायेत त्या. मी म्हटलं, आज तुमच्या. मग तो जेवला, कधी नव्हे ते सावकाश. हाड चोखून पांढरं केलं. बाईनं विचारलं, "अजून एक लावू का जाळीवर?" तो म्हणाला, "नको मावशी, झालं," आणि हात धुवायला उठला. लिंबाखाली पाठमोरा उभा राहून तो बराच वेळ हात धूत होता.

एकादशीला त्यानं माळ घातली. त्या दिवशी उपास, दुसऱ्या दिवशी पहिली भाकरी. सासूबाई खाटेवरून सांगत होत्या, पाणी घाल, अजून घाल, मळ, जल्दी करू नको. भाकरी एका बाजूनं करपली आणि मधे कच्ची राहिली. माझ्या टेबलावर आली असती तर मी ती नापास केली असती. सासूबाईंनी सगळी खाल्ली, दुसरी मागितली, आणि तीही दुधात कुस्करून संपवली. तो त्यांच्यासमोर पिठाळ हातांनी मांडी घालून बसला होता. मी दारातूनच परत फिरले.

आता त्याच्या भाकऱ्या माझ्या डोळ्यालाही पास होतात. सासूबाई काठी घेऊन घरात फिरतात. नणंद कधीच तिच्या घरी गेली. परवा एका रविवारी नवऱ्यानं पुन्हा किल्ली बोटात फिरवली. मी म्हटलं, कशाला उगीच? तो म्हणाला, तू खा, मी गाडी चालवतो. धावड्याला तो छपरात आला नाही, बाहेर लिंबाखाली घरून आणलेले पेरू खात बसला. मी एकटीनं अर्धी कोंबडी खाल्ली. येताना पूर्ण रस्ताभर तो बोलत होता, आणि मीठ बराबर होतं का, हे त्यानं आठवणीनं विचारलं.

घरी आलो. सासूबाई पलंगावर बसून जपमाळ ओढत होत्या. जपता जपताच त्यांनी काठी न्हाणीकडं दाखवली. मी आत गेले. बादलीतून वाफ येत होती. बादली एकच होती. मी दार लावून घेतलं, पोटभर रडले, आणि पाणी गार व्हायच्या आत अंघोळ केली.