कवळ्या करणारी मावशी

दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत ती एकोणीस वर्षं कवळ्या करत होती. मेणात दात रोवायचे, साचा भरायचा, घासून गुळगुळीत करायचं. ती कवळी लावून हसणारं तोंड तिनं क्वचितच पाहिलं. नवरा गेल्यापासून घरीही बोलायला कोणी नव्हतं, त्यामुळे दिवसभर डोक्यातलंच ऐकायचं. आणि डोकं काही तिची बाजू घेत नसे.

एका सोमवारी डॉक्टरीणबाई दारातूनच म्हणाल्या, "मावशी, त्या आजोबांच्या कवळीत एक दात किंचित उंच राहिलाय." पुढेही काही बोलल्या, पण ते हिच्या कानात शिरलंच नाही. हातातलं कसब गेलं आपलं, तिनं ठरवून टाकलं. बाईंनी दुसरं माणूस बघितलं असणार. बहिणीचा तीन आठवडे फोन नाही, म्हणजे तीही कंटाळली. एका दातावरून तिनं आपलं सगळं आयुष्य निकालात काढलं.

दुसऱ्या दिवशी ती उठलीच नाही. ताप नव्हता, पण केस विंचरायचं म्हटलं तरी हात उचलवेना. तीन दिवस चहा-बिस्किटांवर काढले. फोन वाजला की उशीखाली सारायची.

शुक्रवारी डॉक्टरीणबाई घरीच येऊन उभ्या राहिल्या.

"अहो मावशी, आहात कुठे?"

"तुम्हाला दुसरं कुणी मिळालं असेल ना."

"कोण म्हणालं?"

ती आठवू लागली. कोणीच म्हणालं नव्हतं.

"मी म्हणाले, तेवढा दात घासा, बाकी आजोबा खूश आहेत, आरशापुढून हलेनात. हे ऐकलंत?"

"नाही," म्हणता म्हणता तिला रडू फुटलं.

बाई तिच्याजवळ बसून राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "माझ्या ओळखीच्या एक मानसोपचारतज्ज्ञ आहेत. जाल?"

ती गेली. त्यांनी गोळ्या दिल्या आणि वही करायला सांगितली: डावीकडे लोक काय बोलले, उजवीकडे आपण काय समजलो. आठवड्यानं उजवं पान गच्च भरलं होतं. डावीकडे जेमतेम चार ओळी. कारण तिच्याशी कोणी तेवढं बोललंच नव्हतं.

त्या रात्री नाही, पण दोन दिवसांनी तिनं बहिणीला फोन लावला.

"अगं, मला वाटलं तूच रागावलीस!" बहीण म्हणाली.

गोळ्या आणि वही चालू आहेत. सकाळी अजून पलंगाच्या कडेला बराच वेळ बसावं लागतं. पण ती कामावर जाते, आणि दुपारी डबा घेऊन दवाखान्याच्या पुढच्या खोलीत, तिथल्या बाकीच्यांत जाऊन बसते. काय बोलावं ते मात्र तिला अजून सुचत नाही.