बाईंना कोण थांबवणार

पाचचा कार्यक्रम पाचला सुरू झाला, याचंच मला केवढं कौतुक! आग लागो त्या कौतुकाला.

आमच्या शाळेत पहिले दोन कॉम्प्युटर आले त्याला पंचवीस वर्षं झाली, म्हणून माजी विद्यार्थ्यांनी ऑनलाइन चर्चा ठरवली होती, लोकांना घरबसल्या थेट बघता येईल अशी. मी आयटीतली, शिवाय गणिताच्या बाईंची मुलगी. मग काय, सूत्रसंचालनापासून माईकपर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. चार पाहुणे, आणि अध्यक्षस्थानी बाई, म्हणजे आमची आई.

आईने आधीच अट घातली. "लोणी काळभोरच्या त्याला बोलावणार असशील तरच मी बसेन."

तो रोज बसने शाळेत यायचा. कॉम्प्युटर शिकायला नावं घेत होते तेव्हा त्याने हात वर केला. आई भर वर्गात म्हणाली, "तू घरी जाऊन म्हशी मोज. कॉम्प्युटरचं काय करणार?" सगळा वर्ग हसला. त्यानंतर त्याने आईच्या तासाला कधी हात वर केला नाही. आता तो तिकडच्याच कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो.

"माफी मागायचीय मला त्याची," आई म्हणाली.

"मग फोन कर ना!"

"वर्गात बोलले होते मी. त्याच्या कानात नाही."

आमचं घर कसब्यात. आईच्या खोलीखालीच तांब्याची भांडी घडवायचं दुकान, आणि रविवारीही ठोकाठोक चालूच. म्हणून मी तिला तिच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसवलं आणि तिचा माईक बंद करून ठेवला. "तुझी पाळी आली की मी चालू करेन गं," असं सांगून मी बाहेरच्या खोलीत जाऊन बसले.

मग पाहुण्यांनी माझा जीव खाल्ला. अमेरिकेतली पाहुणी जांभया देत बोलली. शाळेच्या समितीवरच्या काकांनी फोन असा धरला की त्यांचं कपाळ आणि पंखा एवढंच दिसत होतं. खराडीच्या आयटी कंपनीतला मॅनेजर "बेसिकली, बेसिकली" करत दहा मिनिटांची वीस मिनिटं करून मोकळा. खाली कुणीतरी लिहिलं, "सूत्रसंचालिका कमी बोलल्या तर पाहुण्यांना वेळ मिळेल." अहो, मी बोलतेय कुठे! संतापून मी प्रतिक्रियांची खिडकीच बंद करून टाकली. लोणीचा तेवढा वेळेत बोलला, तेही दोनच मिनिटं.

आणि अध्यक्ष बोलणार शेवटी! आधीच्यांनी सगळा वेळ खाल्ला तरी आमच्याकडे हा नियम मोडत नाही. एकदाची आईची पाळी आली. मी कानावरचे हेडफोन काढले, कारण शेजारच्या खोलीतून तिचा आवाज स्वच्छ येत होता. नेहमीचाच, खणखणीत. "त्या दिवशी मी चुकले," ती म्हणाली. "एका मुलाला मी तुम्हा सगळ्यांसमोर लहान केलं." माझे डोळे भरून आले. पडद्यावर चौघेही पाठ ताठ करून बसले होते. आईने हात जोडले तसे त्यांनीही जोडले. मी आभार मानले आणि सगळं बंद केलं.

दोन मिनिटांत मॅनेजरचा फोन. "अगं, बाई छान बोलल्या असतील. पण ऐकू काहीच आलं नाही."

"मग सांगायचं नाहीस?"

"बाईंना मध्येच कोण थांबवणार?"

गाढवांनो! चाळिशीला टेकलात तरी अजून हाताची घडी घालून बसता! पण गाढव खरी मीच. माईक मी बंद केला होता, चालू मीच करायचा होता. तिचा आवाज मला भिंतीतून येत होता, म्हणजे जगालाही येतोय असं धरून चालले.

आई खोलीत चष्मा पुसत होती. चेहरा किती मोकळा! "ऐकलं ना त्याने?" तिने विचारलं. क्षणभर वाटलं, हो म्हणून टाकावं. पण खोटं बोललेलं तिला लगेच कळतं. मी सांगून टाकलं.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. "पुन्हा लाव," एवढंच म्हणाली. "सगळ्यांना बोलाव."

मी सगळ्यांना पुन्हा लिंक पाठवली. अमेरिकेची कामाला लागली होती, काका फोन उचलेनात, मॅनेजर जेवायला बाहेर पडलेला. आला तो एकटा लोणीचा.

"थांबू या," आई म्हणाली. "बाकीचे येऊ देत."

आम्ही तिघं थांबलो. खालची ठोकाठोकही केव्हाच थांबली होती. कुणी येईना. मला स्वतःची इतकी चीड आली की पडद्याकडे बघवेना.

शेवटी तोच बोलला. "बाई, त्या दिवशी कोण कोण हसलं ते मला आठवतसुद्धा नाही. तुम्हीच तेवढ्या आठवता. बोला तुम्ही."

आई उठून उभी राहिली, वर्गात राहायची तशी. मी माईक बघितला. चालू होता. तरी पुन्हा एकदा बघितला.