न भाजलेला राब

पोलादपूरच्या एसटी स्टँडपर्यंत माझी ट्रंक बाबांनी डोक्यावरून आणली. दोन तासांची उतरण, आणि मी मागून मोकळ्या हातांनी. कृषी विद्यापीठात निघालेला वाडीतला मी पहिला. गाडी हलली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "शिकशील ते आमालाबी कळव रे."

मी कळवलं. पहिल्याच वर्षी सर वर्गात राबाबद्दल बोलले. नाचणी पेरण्याआधी रोपांच्या जागेवर फांद्या, पाला, शेण पसरून भाजायची आपली रीत; तिच्यापायी डोंगर उघडे पडतात. मी लगेच पत्र टाकलं, राब भाजू नका. भाजायचं नाही तर तणाचं काय करायचं, हा भाग सरांनी पुढच्या आठवड्यात शिकवला. तो मी कळवलाच नाही. घाई केली हे कबूल करावं लागलं असतं.

बाबांनी राब भाजला नाही. पाणवठ्यावर लोक त्यांना 'विद्यापीठ' म्हणून चिडवायचे. रोपं तणात गुदमरली, आईने लावणीसाठी शेजाऱ्यांची उरलेली रोपं मागून आणली. सुट्टीत गेलो तर बाबा म्हणाले, "आमचाच कायतरी चुकला आसंल. तुजी विद्या खोटी कशी व्हईल?"

ते मला सोसलं नाही. परत गेल्यावर सरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. वाडी किती चढावर आहे, हे विचारलं.

विद्यापीठाच्या प्रयोगशाळा, ग्रंथालय यांनी मी भारावलो होतोच. पण विद्यापीठाचं मोठेपण कळलं ते पुढच्या उन्हाळ्यात. सर सहा विद्यार्थी घेऊन वाडीवर चढले आणि बाबांसमोर मातीत बसले. म्हणाले, "काका, आमचं अर्धंच तुमच्यापर्यंत पोचलं. आता उरलेलं आपण मिळून शोधू." तीन वाफे केले. एक भाजलेला, एक न भाजलेला आणि तिसरा, फांद्या न तोडता नुसत्या वाळल्या गवताने भाजलेला. तिसरा बाबांना सुचलेला. विद्यार्थी तीन वर्षं येऊन नोंदी घेत राहिले. आज वर्गात तो तिसरा वाफा बाबांच्या नावाने शिकवतात.

त्या सहांत मी नव्हतो. परीक्षेचं निमित्त सांगितलं. पुढे बियाण्यांच्या कंपनीत लागलो, हैदराबादला. डेटा, मीटिंग, टार्गेट. वाडीवर जाणं लांबत गेलं.

बऱ्याच वर्षांनी एका उन्हाळ्यात, तो वाफा बघायला निघालेल्या विद्यार्थ्यांच्या नव्या तुकडीबरोबर चढलो. त्यांच्या सामानाची पेटी मी डोक्यावर घेतली. वर पोचल्यावर बाबांना त्या न लिहिलेल्या पत्राचं सांगितलं.

"ठावं हाय," ते म्हणाले. "सर मातीत बसले तवाच समाजला. गवत पसराय लाग."

बाबा वाडीवर राहिले, आम्ही शिकलेले निघून गेलो. मला आता घर म्हटलं की त्या वाफ्याएवढाच जमिनीचा तुकडा डोळ्यांपुढे येतो. दर उन्हाळ्यात रजा टाकतो, आणि गवत पसरायला जातो.