मावशीचं ओलं फडकं

पाणीपुरवठ्याच्या पंपघरात तिला मावशी म्हणत नाही असा एकही माणूस नव्हता. थोरले मिस्त्रीसुद्धा म्हणत, आणि ते तिच्याहून चांगले सोळा वर्षांनी मोठे. अकरा वर्षं ती कंत्राटावर तिथली फरशी पुसत होती. मिस्त्रींनी पंपाखालून हात बाहेर काढला की त्यावर हवा तो पाना ठेवायची. त्यांनी एकोणीसचा मागितला तर म्हणायची, "सतराचा लागेल, घ्या." लागायचा सतराचाच.

अशात सरकारने एक योजना काढली. प्रमाणपत्र नसलं तरी चालेल, हातात काम असेल तर प्रात्यक्षिक परीक्षा द्या. पास व्हाल तर पंपचालकाची कायम नोकरी, पगार अडीचपट. नोटीस भिंतीवर मावशीनेच चिकटवली, न वाचता. वाचली ती डबा द्यायला आलेल्या तिच्या मुलीने.

"आई, वय चाळीसच्या आत हवं! तुझे किती राहिलेत?"

"दोन महिने."

"म्हणजे ही एकच परीक्षा. पुन्हा नाही. मी फॉर्म भरतेय."

"आणि शिक्षणात काय, सातवी नापास लिहिशील?"

"सहावी पास लिहीन. एकच झालं."

थोरल्या मिस्त्रींना कळलं तेव्हा चहा त्यांच्या नाकात गेला. "मावशी, पंप म्हणजे बादली नव्हे!" त्या दिवशी मावशीकडून मिस्त्रींच्या टेबलाखालचं पुसायचं नेमकं राहून गेलं.

परीक्षेला उमेदवार नऊ. आठ जणांच्या खिशाला टेस्टर, मावशीच्या खांद्यावर फडकं. सवयीने सोबत आलेलं. एकेकाला आत बोलावत होते. पंप चालतो पण धार तुटक येते, चाळीस मिनिटांत दोष शोधून दूर करा, एवढंच काम. आत जाणारा प्रत्येक जण आधी पंपच खोलत होता. बाहेर येताना हाताला ग्रीस आणि तोंडावर बारा वाजलेले.

शेवटचा नंबर मावशीचा. ती आत गेली आणि तिच्याच हाताने घात केला. मशीन कळकट दिसलं, तसा हात पान्याकडे जायचा तो गेला बादलीत. फडकं भिजवून बाई चक्क पाइप पुसायला लागल्या! खिडकीबाहेर मुलीने कपाळ बडवून घेतलं.

"ताई, ही सफाईची परीक्षा नाही," परीक्षक म्हणाले.

"हो साहेब, एवढं झालं की..."

दहा मिनिटं गेली. पंधरा गेली. जमिनीखालच्या टाकीतून पंपाकडे पाणी ओढणाऱ्या पाइपाचा जोड ती पुसत होती, आणि फडकं कुणी आतून ओढावं तसं जोडाला गच्च चिकटलं. त्याच क्षणी पलीकडे खोकत खोकत येणारी धार सलग झाली, धो धो! मावशीने फडकं काढलं, धार तुटली. लावलं, धो धो! पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. लहान पोरीसारखी हसायलाच लागली ती.

"साहेब, पंप धडधाकट आहे! इथून हवा आत घेतोय तो!"

मग मात्र हातांना कुणी थांबवेना. पंप बंद, बोल्ट सैल, जोडातलं चिरलेलं रबर बाहेर, नवं आत. समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळायचे, हे मिस्त्रींचं अकरा वर्षं पाहिलेलं. पंपात पाणी भरलं, बटण दाबलं. धार अशी सुटली की परीक्षकांचे बूट भिजले. दोन मिनिटं अजून शिल्लक होती.

"हे कुठे शिकलात?"

"शिकतेय कुठली साहेब, पुसत होते."

खिडकीबाहेरून आलेली आरोळी ऐकून परीक्षकांच्या हातातलं पेन पडलं.

चाळिशीला नऊ दिवस उरले असताना पत्र पंपघरात आलं. मिस्त्रींनी ते फोडलं, "निवड" या शब्दापाशी अडखळले आणि चष्मा काढून पुसत बसले.

"मावशी, आता मला पाना कोण देणार हो?"

"मीच देईन की," मावशी म्हणाली. "पण माझ्या पंपापाशी येताना आधी पाय पुसायचे."

मिस्त्री मुकाट्याने उठले आणि दारात जाऊन पाय पुसून आले.